टीव्ही बघताना कुठूनसं येणारं ‘पी-पी’

प्रश्न : ‘नमस्कार. मी एकसष्ट वर्षांची, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. घर जुनं आहे, दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत. संध्याकाळी सातच्या पुढं आम्ही दोघं टीव्ही बघत बसतो. गेल्या पावसाळ्यापासून मला मधूनच अगदी बारीक असं ‘पी-पी’ ऐकू येतं. दोनदा वाजतं आणि गप्प. उठून बघायला जावं तर काही नाही. मालिकेत भांडण किंवा संगीत चालू असलं की कळत नाही, सगळे गप्प झाले की येतं. आमचे हे म्हणतात, तुला भास होतोय. त्यांना एकदाही ऐकू आलेलं नाही. त्यांची सगळी नोकरी उद्यमनगरातल्या कारखान्यांत झाली, आधी लेथवर आणि नंतर फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेली कास्टिंग ग्राइंडरनं घासून साफ करायला. मे महिन्यात नातू आला होता. त्याला विचारलं तर म्हणतो, “आजी, पी-पी नाही, टीव्हीतून सारखं ईंऽऽ असं येतंय.” ते मला ऐकूच येत नाही! पुतण्याचं म्हणणं, हल्ली टीव्ही आणि मोबाइल एकमेकांशी बोलतात, आपलं ऐकतात. शेजारच्या आक्कांनी नारळ उतरून टाकायला सांगितलाय. मुलगा पुण्याहून म्हणतो, आई, कान दाखवून घे. टीव्ही बदलावा का? की मलाच काही झालंय?’

ताई, टीव्ही बदलू नका. निदान एवढ्यात तरी नको. तुमच्या पत्रात एक नाही, दोन आवाज आहेत, आणि त्यातला जो तुम्हाला छळतोय तो टीव्हीतून येत असेल असं मला वाटत नाही. तो टीव्ही बघताना ऐकू येतो, एवढंच आपल्या हातात आहे.

तुमचा दिवस कसा जातो ते बघा. सकाळी नळाला पाणी सुटलं की भांड्यांची गडबड, मग मिक्सर, कुकर, गल्लीतून भाजीवाला, बोळातून गाडी काढताना वाजवलेला हॉर्न. जोतिबाच्या यात्रेत कुणाचं पैंजण वाजलं तर कळणार आहे का? तसंच हे. ते ‘पी-पी’ दिवसभर वाजतही असेल, तुम्ही मात्र एका जागी, एका खुर्चीत, कान देऊन बसता ते थेट संध्याकाळी सातनंतर. आणि मालिकेतली माणसं बोलतात कमी, बघतात जास्त. प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवून झाल्याशिवाय पुढचं वाक्य येत नाही. त्या मधल्या शांततेत बारीक आवाज उघडा पडतो.

आता भासाचं. कानात आपोआप आवाज येण्याचा त्रास असतो, तो खरा असतो आणि पुष्कळ लोकांना असतो. पण त्याची रीत वेगळी. तो बहुतेकदा सलग असतो : शिट्टी, घुंऽऽ, रातकिड्यासारखी किरकिर, नाहीतर नाडीबरोबर धडधड. आणि तो जास्त छळतो रात्री अंथरुणावर पडल्यावर, सगळं शांत असताना. टीव्हीच्या आवाजात उलट तो झाकला जातो. तुमचं नेमकं उलटं आहे. दोनदा वाजून गप्प होणारा, खुर्चीत बसल्यावर ऐकू येणारा आणि अंथरुणावर न येणारा आवाज कानातला असायची शक्यता मला कमी वाटते. (अंथरुणावर येत नाही असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण येत असता तर एवढ्या सविस्तर पत्रात ते राहिलं नसतं.) कान दाखवायला हरकत काहीच नाही. आवाज एकाच कानात येत असेल, चक्कर येत असेल, किंवा एखाद्या सकाळी अचानक एका कानानं ऐकू येईनासं झालं, तर मात्र दोन-तीन दिवस वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मग तुमच्या मालकांना का ऐकू येत नाही? याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, आणि ते मला ‘पी-पी’पेक्षा महत्त्वाचं वाटतं.

घरातली बहुतेक यंत्रं ‘पी’ करतात ती एका छोट्या चकतीनं. पाच रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून लहान सिरॅमिकची चकती असते, वीज दिली की ती थरथरते. ती सगळ्यात जोरात वाजते ती साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. माणसाचा कानही याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, त्यामुळं बनवणाऱ्यांचं फावतं, कमी विजेत जास्त आवाज. आता दुसरी बाजू बघा. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाचं ऐकणं सगळीकडून सारखं कमी होत नाही. पहिला खड्डा पडतो तो ४,००० हर्ट्झच्या आसपास. कारखान्यांच्या नियमात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. कास्टिंगवर ग्राइंडर धरलेल्या माणसाच्या कानाशी किती आवाज असतो हे उद्यमनगराच्या कुठल्याही शेडच्या दारात उभं राहिलं तरी कळतं. कानाच्या आत, शंखासारख्या भागात अगदी बारीक केसांच्या पेशी असतात, त्या आवाज टिपतात. त्या मेल्या की परत येत नाहीत.

म्हणजे ज्या पट्ट्यात तुमचं ‘पी-पी’ वाजत असणार, नेमका तोच त्यांचा गेलेला असू शकतो. त्यांना ऐकू येत नाही हे ते खरंच सांगतायत. फक्त त्यावरून ‘आवाजच नाही’ हे जे त्यांनी ठरवलंय ते चूक. मला आणखी एक शंका आहे, तुम्हीच पडताळून बघा. टीव्हीचा आवाज घरात कोण वाढवतं? बायकांचं आणि लहान पोरांचं बोलणं कळत नाही, ‘हल्लीच्या नट्या तोंडातल्या तोंडात बोलतात’ अशी तक्रार ते करतात का? स, श, फ, थ ही व्यंजनं वरच्या पट्ट्यातली. ती गेली की बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाहीत, आणि माणूस रिमोटवर बोट ठेवतो. याकडं शेवटी परत येतो.

नातवाचं ‘ईंऽऽ’ वेगळं आहे आणि तेही खरं आहे. लहान मुलाला २०,००० हर्ट्झच्या जवळपासचं ऐकू येतं. साठीला आलेल्या बऱ्याच जणांचं १२,०००च्या वरचं गेलेलं असतं, हे वयाचं आहे, आजार नव्हे. जुने पाठीमागं फुगलेले टीव्ही आठवतात ना? आपल्याकडच्या पद्धतीत चित्र ६२५ ओळींचं, सेकंदाला २५ वेळा. गुणाकार करा, १५,६२५ होतात. त्या टीव्हीतला ओळी ओढणारा ट्रान्सफॉर्मर, दुरुस्तीवाले ज्याला एलओटी म्हणतात, तो बरोबर १५,६२५ हर्ट्झला शिट्टी मारायचा. शाळेतली पोरं दारातून सांगायची की आत टीव्ही लागलाय, आवाज बंद असला तरी. आईबापांना पत्ता नसायचा.

तुमचा टीव्ही चपटा असेल तर त्यात एलओटी नाही, पण पॉवर सप्लाय आहे, घरातली वीज टीव्हीला हवी तशी करून देणारा. त्यातली कॉइल आणि काही कपॅसिटर विजेच्या चालू-बंदनं थरथरतात. साधारणपणे हे चालू-बंद कानाच्या पलीकडच्या वेगानं चालतं, पण भार कमी झाला की, विशेषतः रिमोटनं बंद करून नुसता लाल दिवा राहिला की, सप्लाय तुटक-तुटक चालतो आणि तो वेग ऐकू येण्याच्या पट्ट्यात उतरतो. पडद्याचा उजेड कमी केल्यावरही काही टीव्ही असेच कुणकुणतात. पुढच्या खेपेला नातू आला की पडद्याचा उजेड कमी-जास्त करून त्याला विचारा, आवाज बदलला का? बदलला तर तेच. यानं टीव्हीला किंवा माणसाला धोका नसतो. उघडून बघायच्या फंदात मात्र कुणी पडू नका. पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहिलेली असू शकते.

आता शोध. तुम्ही उठून बघायला जाता आणि काही सापडत नाही, यात तुमचा दोष नाही. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ताडतो. खालच्या पट्टीच्या आवाजाला कोणत्या कानात आधी पोचला हे बघतो, वरच्या पट्टीला कोणत्या कानात मोठा लागला हे. हे लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञानं १९०७ साली मांडलं. यांच्या मधला जो पट्टा आहे तिथं दोन्ही युक्त्या नीट चालत नाहीत, आणि आपली ‘पी-पी’वाली चकती नेमकी तिथंच वाजते. त्यात आवाज क्षणभराचा. त्यात फरशी आणि गिलाव्याच्या भिंती, त्यांवर आपटून तो चारही बाजूंनी येतो. म्हणून त्याच्यामागं धावायचं नाही. बसल्या जागेवरून त्याला पकडायचं.

पहिलं काम वही आणि घड्याळ. आवाज आला की वेळ लिहायची, मिनिटासकट. बाकी काही करू नका. चार-पाच संध्याकाळी एवढंच करा, निम्मं काम इथंच होतं.

मला पैज लावायला सांगितली तर मी एका वस्तूवर लावेन : मनगटावरचं जुनं डिजिटल घड्याळ. त्यातली बरीच दर तासाला ‘पी-पी’ करतात, दोनदाच, आणि गप्प होतात. तुम्ही लिहिलंय अगदी तसं. मुलाचं शाळेतलं घड्याळ, पट्टा तुटला म्हणून कपाटात टाकलेलं, त्याचा सेल वर्षानुवर्षं चालतो. लोक मला सांगतात, ‘पण आठला वाजत नाही हो.’ वाजणार नाहीच. पडून राहिलेलं घड्याळ मागं-पुढं झालेलं असतं. ते आठ वाजून चार मिनिटांनी वाजेल. पण मग पुढचं नऊ वाजून चार मिनिटांनी, आणि त्याच्या पुढचं दहा वाजून चार मिनिटांनी. तुमच्या वहीत अशी तासाच्या अंतराची जोडी दिसली की संपलं, ट्रंक, कपाट, नातवाचा जुना कंपास बॉक्स उघडायला घ्या. आणि गेल्या पावसाळ्यापासून म्हणताय, तर हेही आठवा : माळा गळतो म्हणून ट्रंका, गाठोडी, खोकी खाली आणली होती का? कुठल्या खोलीत ठेवली?

तासाचं अंतर नसेल पण ठरावीक काही मिनिटांनी वाजत असेल, तर बॅटरी उतरलेली वस्तू शोधा. असली यंत्रं मरता मरता ‘मला चार्ज करा’ म्हणून ओरडत राहतात. गॅस गळतीचा अलार्म, मुलानं दिलेला ब्लूटूथ स्पीकर, इंटरनेटच्या डब्याला लावलेला छोटा यूपीएस, ड्रॉवरमधला जुना बटणांचा फोन. पाण्याची टाकी भरल्याचा अलार्मही यात येतो, तो बऱ्याचदा सेलवर चालतो आणि जिन्याखाली कुणाच्या लक्षातही नसतो.

काहीच अंतर जुळत नसेल तर मग वेळेच्या शेजारी लिहा की त्या वेळी घरात काय झालं. फ्रिज कुणी उघडला होता का? दार नीट न लागलं तर काही फ्रिज बोंबलतात. लाइट जाऊन आली होती का? इन्व्हर्टर भार वाढला, बॅटरी उतरली की पी-पी करतो. पाण्याच्या फिल्टरची कांडी बदलायची झाली की काही फिल्टर पाणी भरताना तेवढं वाजतात. कॅमेरे बसवले असतील तर त्यांच्या रेकॉर्डरची हार्डडिस्क बिघडली की तोही वाजतो, आणि तो शेजाऱ्यांचाही असू शकतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात शेजारच्याचं यंत्र हे तुमचंच समजून चाला.

वही झाली की एका संध्याकाळी ही पडताळणी. आवाज यायच्या वेळेला मालिका लावा आणि रिमोटवरून नुसता आवाज बंद करा, चित्र चालू द्या. तरीही ‘पी-पी’ आलं तर ते मालिकेतलं नाही, टीव्हीच्या स्पीकरमधूनही नाही. एवढ्या एका बटणानं निम्मे संशयित सुटतात, तरी लोक आधी मेकॅनिक बोलावतात. (आवाज बंद केल्यावर थांबलं, तर वाहिनी बदलून बघा. मालिकेत पात्राचा फोन वाजतो, जाहिरातीत मेसेजची टिंग येते, ती आपल्याच घरातली वाटते.) मग टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स, दोघांच्या पिना बोर्डमधून काढा. रिमोटनं बंद करणं म्हणजे बंद नव्हे. त्याच खुर्चीत बसून राहा. तरी आलं, तर टीव्ही पूर्ण निर्दोष.

शेवटी मेन स्विच. इथं एक गफलत होते. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तोच पी-पी करायला लागतो. म्हणून आधी इन्व्हर्टर त्याच्या बटणानं बंद करा, मग मेन, आणि घरातले सगळे मोबाइल बंद करून ठेवा. मेणबत्ती लावून बसा. आता जे वाजेल ते सेलवरचं किंवा शेजारचं. आणि सेलवरचं काही सापडत नाही, शेजारीही नाही म्हणतात, घर अंधारात गप्प आहे, तरी तुम्हाला ऐकू येतंय, तर मुलाचं ऐका आणि कान दाखवा.

खोली ओळखायला मोबाइल वापरा. आवाज रेकॉर्ड करायचं अ‍ॅप बहुतेक फोनमध्ये असतं. एक फोन स्वयंपाकघरात, एक कपाटाच्या खोलीत ठेवून अर्धा तास रेकॉर्ड होऊ द्या, नंतर हेडफोन लावून ऐका. ज्यात ‘पी-पी’ मोठं, ती खोली. फोनमधलं काम पोराबाळांकडून करून घ्या, पुतण्याला हे काम द्या, त्याला आवडेल.

पुतण्याचा विषय निघालाच आहे. तो अगदीच हवेत बोलत नाही. जाहिरातीत १८ ते २० हजार हर्ट्झचा, माणसाला न जाणवणारा संकेत मिसळायचा आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपनं मायक्रोफोनमधून तो टिपायचा, असं तंत्र खरोखर निघालं होतं. मार्च २०१६मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ते अ‍ॅपमध्ये घालणाऱ्या १२ जणांना ताकीदपत्रं पाठवली. टीआरपी मोजणारी आपल्याकडची बार्क ही संस्थासुद्धा वाहिन्यांच्या आवाजात खूण मिसळते, म्हणजे मीटर बसवलेल्या घरात कोणती वाहिनी चालू आहे ते कळतं. पण ही दोन्ही कामं माणसाला ऐकू येऊ नये अशाच बेतानं केलेली. तुम्हाला स्पष्ट ऐकू येणारं ‘पी-पी’ त्यातलं नव्हे. गुपचूप ऐकणारा पी-पी करून वर्दी देत नाही. मोबाइलच्या सेटिंगमध्ये कोणत्या अ‍ॅपला मायक्रोफोनची परवानगी आहे ते बघून नको त्यांची काढून टाका, ते करायलाच हवं, या आवाजासाठी नव्हे, एरवीही.

मोबाइलचा एक आवाज मात्र टीव्हीतून खरंच येतो. मालकांकडं जुना बटणांचा फोन असेल आणि तो ते सेट टॉप बॉक्सवर ठेवत असतील, तर फोन वाजायच्या क्षणभर आधी स्पीकरमधून ‘टट्-टट्-टट् घर्र’ येतं. टू-जीचा फोन सलग बोलत नाही, सेकंदाला २१७ वेळा तुटक-तुटक लहरी सोडतो, त्या स्पीकरच्या वायरीत शिरतात. फोन हातभर लांब ठेवला की गेलं.

आक्कांचा नारळ घ्या, खुशाल फोडा, खोबऱ्याची चटणी करा. वाजणारी वस्तू मिळेपर्यंत वाजणारच. आणि कुणी ‘बाहेरचं आहे’ म्हणत पैसे मागायला लागला तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

तुम्हाला लागू नसलं तरी बाकीच्या वाचकांसाठी एक सांगतो. बारीक ‘पी’ निरुपद्रवी, पण चटचट, तडतड, बोर्डातून येणारी घुरघुर किंवा जळका वास हे वेगळं प्रकरण. तिथं आवाज शोधत बसायचं नाही, मेन पाडायचा आणि वायरमन बोलवायचा. २०१९ आणि २०२१च्या महापुरात सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा भागांत ज्यांच्या घरात पाणी शिरलं आणि बोर्ड नुसते पुसून वापरायला घेतले, त्यांनी तर आवाज नसला तरी वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्यावं.

आता मालकांकडं येतो. ‘तुम्हालाच कमी ऐकू येतंय’ असं म्हणालात तर ते डॉक्टरकडं जाणार नाहीत, हे मी पैजेवर सांगतो. त्यापेक्षा म्हणा, ‘मुलगा मागं लागलाय, माझे कान दाखवायचेत, चला बरोबर.’ गेल्यावर दोघांचीही तपासणी करून घ्या. सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या कान-नाक-घसा विभागात जा नाहीतर तुमच्या माहितीतल्या डॉक्टरकडं, ऑडिओमेट्री करायची आहे म्हणून सांगा. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे बारीक आवाज देतात, ऐकू आला की बटण दाबायचं, दुखत-खुपत काही नाही. निघालेला आलेख तिथंच मागून बघा. ४,०००ला खड्डा आणि ८,०००ला रेघ पुन्हा थोडी वर आलेली दिसली, तर तो ग्राइंडरचा हिशोब. गेलेलं परत येत नाही, पण कानाच्या यंत्रानं बोलणं समजायला मदत होते, टीव्ही हळू ठेवता येतो, आणि राहिलेलं सांभाळता येतं. तपासणी सकाळची घ्या, आदल्या दिवशी त्यांना कुणाच्या शेडवर गप्पा मारायला जाऊ देऊ नका, कारण मोठ्या आवाजानं कान तात्पुरता बधिर होतो आणि आलेख खोटा येतो. कानात मळ असेल तर तो डॉक्टरच काढतील. घरी लसणीचं तेल घालू नका, काडी तर मुळीच नको.